चहा न पिण्याचं प्रशिक्षण

आज जे लिहितो आहे ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बावीस वर्षांपूर्वी पाचवीतल्या एका मुलीने, काका घरात तिच्याशी कसा वागतो ते मला सांगितलं. मी ते त्याच संध्याकाळी जाऊन त्या काकालाच सांगितलं. त्याच्याच ओसरीवर बसून, त्याचाच चहा पीत. आपण चांगल्या शिक्षकाचं काम केलं, असं तेव्हा मला खरोखर वाटलं होतं. खरं तर मला लिहायचंय नेपावाल्या बाईंबद्दल. पण हे आधी सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल जे लिहीन ते अर्धवट होईल, म्हणून सांगून टाकलं.

नेपावाल्या बाई मोठ्या माणसांना जमिनीवर बसवायच्या. मुलांवर होणारे अत्याचार कसे ओळखायचे आणि ओळखल्यावर काय करायचं, हे शाळेतल्या शिक्षकांना शिकवणं त्यांचं काम. आमच्या संकुलात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरकडच्या शाळांमधले आम्ही चाळीसेक जण खुर्च्यांवर ऐसपैस बसलो होतो. बाईंनी खुर्च्या बाहेर काढायला लावल्या आणि पहिलीच्या मुलांची टाटपट्टी, म्हणजे बसायचं लांब तरट, अंथरली.

"बसा सर. आता वर बघा माझ्याकडे. केवढी दिसते मी?"

बाई जेमतेम पाच फूट. साठीच्या, गोल, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. पण खालून त्या खरंच मोठ्या दिसल्या. आमचे मुख्याध्यापक कुरकुरले, "मैडम, आमचे घुटने..."

"घुटने तुमचे, सर, आणि भीती पोरांची. आज थोडी थोडी वाटून घेऊ." आणि त्या हसल्या. बाई हसल्या की आधी खांदे हलायचे, मग पोट, आवाज सगळ्यात शेवटी यायचा. तोवर समोरचा हसायला लागलेला असायचा.

वडील नेपानगरच्या कागद कारखान्यात कामाला होते, बाईंचं बालपण तिथलंच. म्हणून त्या नेपावाल्या. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदाची जाडजूड गुंडाळी त्या प्रत्येक ठिकाणी घेऊन जात, तान्ह्या बाळासारखी कडेवर. एकदा खकनारच्या बसमध्ये कंडक्टरने चेष्टेत विचारलं, "मैडम, इसका आधा टिकट काटूं?" बाई म्हणाल्या, "अभी पाँच का नहीं हुआ भैया. पर जगह चाहिए तो गोद में ले लो." पुढचा अर्धा रस्ता कंडक्टर ती गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्या कागदावर आम्हाला लिहायला लावत. नियम एकच: पोराचे शब्द पोराचेच ठेवायचे. "समजा, एक पोरगी तुम्हाला म्हणाली, मला रविवार आवडत नाही. लिहा." आमच्यातल्या एका जुन्या मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'छात्रा को अवकाश में अरुचि है.' बाईंनी तो कागद भिंतीवर चिकटवला. "वा गुरुजी. आता हे वाचून कुणाला कळेल का, की तिला घरी राहायची भीती वाटते?" गुरुजी स्वतःच हसून उठले आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहून आले: मला रविवार आवडत नाही.

बाई स्वतः मूल व्हायच्या. दोन मिनिटांपूर्वी चाळीस जणांना हसवणारी बाई भिंतीशी अंग चोरून उभी राहायची, पदराचं टोक चावायची, आणि ती सात वर्षांची आहे याबद्दल कुणाला शंका उरत नसे. समोर शिक्षक म्हणून एकाला उभं करायचं. मुख्याध्यापक मिशीवर ताव देत पुढे झाले. "बेटा, कौन है वो? नाम बताओ. अभी देखता हूँ उसको." बाईंनी तोंड मिटलं ते मिटलं. मुख्याध्यापकांनी चॉकलेटचं आमिष दाखवलं, आईची शपथ घातली, शेवटी "किसी को नहीं बताऊँगा" असं वचनही दिलं. बाई ढिम्म. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "गेली सर पोरगी. तुम्ही पोलीस झालात, ती घाबरली. आणि वचन कशाला दिलं? उद्या तुम्हाला सांगावंच लागणार. मग तिच्या लेखी तुम्हीही खोटे."

त्यांच्या मते बोलायची वाक्यं तीनच होती, आणि ती त्या आमच्याकडून पाढ्यासारखी म्हणवून घेत. तू सांगितलंस ते चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही. तुला मदत करतील अशा माणसांना मी हे सांगणार आहे. "यापुढे चौथं वाक्य बोलावंसं वाटलं ना सर, तर खिशातला शेंगदाणा तोंडात टाका." दुसऱ्या दिवशी चाळीसही जणांच्या खिशात शेंगदाणे होते आणि सगळा हॉल कुडुमकुडुम वाजत होता.

मग आला चहाचा खेळ. बाईंनी विचारलं, मुलाने घरातल्या माणसाबद्दल काही सांगितलं तर पहिलं काय कराल? सगळ्यांचं एकच उत्तर: घरी जाऊ, समजावून सांगू. आमच्याकडे पालकांना घरी जाऊन भेटणं हीच शिक्षकाची थोरवी. बाई म्हणाल्या, "चला, जाऊ या." त्यांनी पदर कमरेला खोचला, डोक्याला कुणाचा तरी पंचा गुंडाळला आणि त्या काका झाल्या.

"या या गुरुजी, आज सूर्य कुणीकडे उगवला? अगं, चहा ठेव. तो नाही, दुधाचा. गुरुजी, मिठाई घ्या, दराबा, कालच आणलाय. काय म्हणता, पोरगी अशी बोलली? अहो, लाडाने बिघडली हो. आई नाही तिला. तुम्हीच जरा कान पिळा. आणि हे काय, रिकाम्या हाताने जाता? आपल्या शेतातली केळी आहेत."

समोर शिक्षक झालेल्या आमच्यातल्या एक मैडम हात जोडून "धन्यवाद भाऊसाहेब" म्हणाल्या. सगळे पोट धरून हसले. मीही हसत होतो. केळी आली तिथे माझं हसणं थांबलं.

कारण मी केळी आणली होती. बारा केळ्यांची फणी. बायकोने विचारलं कुणी दिली, मी म्हटलं, एका पालकांनी. तीन दिवस आम्ही ती खाल्ली. ती मुलगी सुटी झाल्यावर सगळ्यात शेवटी वर्गातून निघायची; फळा पुसायची, झाडू मारायची, खडू लावून ठेवायची. मी प्रार्थनेच्या वेळी तिचं कौतुक केलं होतं, हिच्याकडून शिका म्हणून. माझी चहाभेट झाली त्यानंतर तीन दिवसांनी ती शाळेत आली. फळा पुसला नाही. माझ्याकडे पाहिलं नाही. दिवाळीनंतर हजेरीतून तिचं नाव कमी झालं.

जेवणाच्या सुटीत बाई ताट घेऊन माझ्याशेजारी बसल्या. "काय सर, घास अडकला का?"

"ॲसिडिटी आहे जरा."

"हं," त्या म्हणाल्या. "उतरली की सांगा." आणि माझ्या ताटातली जिलबी उचलून खाल्ली. "ही तुम्हाला चालणार नाही मग."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण महिनाभराने फोन आला. डोईफोडियाला प्रशिक्षण आहे, चहाच्या खेळाला शिक्षक हवा, येता का? मी का गेलो, माहीत नाही. नंतर जातच राहिलो. चार वर्षं, सुट्ट्यांमध्ये, जिल्हाभर. बाई काका आणि मी मास्तर. मी कपबशी अशी धरायचो, मान अशी तुकवायचो, की लोक हसून लोळायचे. "सर, आपने तो कमाल की एक्टिंग की," असं म्हणून तरुण शिक्षक माझ्यासोबत फोटो काढायचे. बाई लांबून बघत राहायच्या. खेळ संपला की माझ्या हातातली रिकामी कपबशी काढून घ्यायच्या आणि सगळ्यांना सांगायच्या, "बघितलं? माणूस वाईट नाही. फक्त लाजाळू आहे. समोरच्याचा मान राखायला गेला आणि पोर एकटं पडलं. तुम्ही आधी शाळेत सांगा, हेल्पलाइनला फोन करा. त्या घरचा चहा नको."

ते दिवस आनंदाचे होते, हे कबूल करायला मला संकोच वाटतो. पण होते. बसच्या शेवटच्या सीटवर बाई मला शाळेतल्या गमती सांगायच्या, बुऱ्हाणपूर आलं की मावा जिलबी खाल्ल्याशिवाय घरी जाऊ द्यायच्या नाहीत. शुगर आहे ना बाई, म्हटलं तर म्हणायच्या, "शुगरला माहीत आहे मी कोण आहे ते."

मागच्या वर्षी माझ्या सहावीच्या वर्गातला एक मुलगा सुटी झाल्यावर रेंगाळू लागला. चौथ्या दिवशी मी त्याच्याशेजारी टाटपट्टीवर बसलो. मी काही विचारलं नाही. मग तो बोलला. मी तीन वाक्यं म्हटली आणि शेंगदाणा तोंडात टाकला. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले, त्याच तासाला मुख्याध्यापकांना सांगितलं, आम्ही दोघांनी मिळून फोन लावला. त्याच्या घराकडे फिरकलो नाही. तो आता आत्याकडे राहतो. परवा सुटीची घंटा व्हायच्या आधीच दप्तर पाठीला लावून दारात उभा होता. मी त्याला ओरडलो, आणि मग व्हरांड्यात जाऊन एकटाच हसलो.

बाई मुलीकडे नागपूरला कायमच्या गेल्या त्या दिवशी स्टेशनवर पंचवीस-तीस शिक्षक आले होते. जिलब्यांचे पुडे इतके झाले की बाई म्हणाल्या, "मला पोचवता आहात की संपवता आहात?" गाडीला वेळ होता. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "बाई, एक सांगायचं होतं. बरंच जुनं आहे."

जन्मभर ऐकायला शिकवणाऱ्या त्या बाईंनी हात वर केला.

"नको सर. मी ऐकणार नाही."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"तो कप तुम्ही पहिल्याच खेळात कसा धरलात, ते बघितलं होतं मी. नाव-गाव मला माहीत नाही, आणि नको. मी ऐकलं तर तुम्हाला हलकं वाटेल. हलकं वाटलं की तुम्ही घरी जाल. जे कुणी पोर असेल, त्याचं काय?" मग माझ्या बाहीवर हात ठेवून म्हणाल्या, "आणि उठून त्या पोराच्या दारात रडायलाही जाऊ नका. त्याला काय हवंय ते विचारा. तुम्हाला काय हवंय ते नाही."

गाडी आली. बाई खिडकीतून प्रत्येकाला शेंगदाण्यांबद्दल विचारत राहिल्या. फलाट संपेपर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

ती मुलगी आता रावेरकडे राहते, शिवणकाम करते, असं तिच्या मावसभावाकडून कळलं. तोही माझाच विद्यार्थी. मोठी झाल्यावर तिने घरात सगळं सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. आत्ताच रचून सांगते, लहानपणी कुणाला का नाही बोलली, असं म्हणतात. काका मला बाजारात भेटला की अजून "गुरुजी" म्हणून हात जोडतो.

ती बोलली होती. दहा वर्षांची असताना, माझ्याजवळ, वर्गात, फळा पुसून झाल्यावर. हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. हे माझ्या सहीनिशी लिहून, तिला हवं आहे का असं विचारून, तिच्या हाती द्यायचं देणं मी लागतो. अजून दिलेलं नाही.