पुलाखालची रोझरी

ह्यांची वाचा गेली तेव्हा माझं देवाशी कडाक्याचं भांडण झालं. नव्वदच्या दशकातली, बहारीनमधली गोष्ट. माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी हेच रोझरी, म्हणजे मारियामातेची जपमाळ, सुरू करायचे. वसईचा खणखणीत आवाज, खालच्या मजल्यापर्यंत जायचा. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तोंडातून नुसता घोगरा हुंकार निघे. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईलच असं सांगता येत नाही. मी मनात म्हटलं, मारियामाते, एवढी वर्षं ज्या तोंडाने तुझं नाव घेतलं, तेच सापडलं होय तुला?

हॉस्पिटलात ह्यांच्या खाटेच्या वर, भिंतीला एका दगडी पुलाचं चित्र होतं. केरळची नर्स सांगायची, हा रोमन लोकांनी बांधलेला, पुरात कमानी कोसळल्या, मग शेकडो वर्षांनी दुसऱ्या कारागिरांनी त्याच जुन्या खांबांवर नव्या कमानी चढवल्या. मला मेलीला त्या पुलाचा रागच यायचा. दगडाचं काय जातंय थांबायला? मला आज, आत्ता ह्यांच्या तोंडून एक शब्द हवा होता.

रोझरी मात्र सोडली नाही. खाटेशी बसून एकटीच म्हणायची. नमो मारिया ह्या प्रार्थनेचा पहिला भाग माझा, दुसराही माझाच, भराभरा, रडू यायच्या आत संपवायची.

शेजारच्या खाटेवरच्या आपल्या नवऱ्याला भेटायला रत्नागिरीच्या एक मुसलमान मावशी येत, सगळे त्यांना खाला म्हणत. एका संध्याकाळी त्यांना राहवलं नाही. "अगो बाय, गुदैबियात आमच्या वर वसईवाले राहतात, मी रोज ऐकते. एक जण अर्धं म्हणतो, बाकीचे उरलेलं. तू ह्या भाईचं पण तूच म्हणून टाकतेस! त्याला जागा तरी ठेव."

मी चपापले. पहिला भाग म्हटला आणि थांबले. काहीच नाही. पुन्हा म्हटला, पुन्हा थांबले. मग ह्यांचे ओठ हलले आणि आवाज आला, चिरकलेला, पण ह्यांचाच: "पवित्र मारिये, देवाच्या माते..." थेट आमेनपर्यंत! मी ओक्साबोक्शी रडले. खाला ओढणीने डोळे पुसत होत्या.

पाठ असलेलं असं कधी कधी येतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. असेलही. साधं बोलणं यायला पुढे बरेच महिने गेले. पण त्या संध्याकाळी मी वर त्या चित्राकडे बघितलं आणि पुलावरचा राग गेला. ह्यांच्या आतले जुने खांब शाबूत होते, मीच मध्ये जागा सोडत नव्हते.

आता रोझरी मी सुरू करते. माझा भाग म्हणते आणि गप्प बसते. हे सावकाश उरलेलं म्हणतात. देवाशीही मी हल्ली तसंच वागते.