अक्काच्या चिंचेखाली

वाटणीच्या वेळी गुणमालेनं हट्टानं सांगलीच्या बाजारपेठेतलं घर घेतलं होतं. खाली हळदीचं दुकान, वर चार खोल्या. थोरली जाऊ चंपाबाई गावाबाहेर मळ्यात राहायला गेली. चिंचा, कडुनिंब आणि पाऊलवाट एवढंच तिच्या वाट्याला आलं, म्हणून गुणमाला मनातून खूष होती.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याच्या, वर्धमानच्या, छातीत कळ आली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मीठ बंद केलं. म्हणाले, "रोज चाला. पण तुमच्या पेठेत नको, ट्रक चुकवतानाच छाती धडधडायची. झाडं असतील तिकडं जा."

झाडं होती चंपाबाईकडे. दीर कल्लाप्पा वर्धमानपेक्षा नऊ वर्षांनी मोठे, पण रोज मळ्यातून पेठेतल्या बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनाला पायी येऊन जात. त्यांना दम लागलेला कुणी पाहिला नव्हता. गुणमालेला वाटे, घराबरोबर काळजांचीही वाटणी झाली आणि धडकं तेवढं तिकडं गेलं.

दिवस मावळायच्या आत जेवायची घरची रीत. म्हणून चारलाच ती नवऱ्याला घेऊन, डबा बांधून निघाली. पहिल्या दिवशी वर्धमान वाटेत तीनदा बसला. शेवटचं मळ्याच्या तोंडाशी, चिंचेखाली.

"जेवूनच जावा," चंपाबाई म्हणाली.

"नको अक्का. ह्यांचं अळणी असतंय. डबा आणलाय."

"माझ्या दारात बसून तुझी भाकरी खाणार? खा बाई. सावली तरी माझीच हाय न्हवं?"

तो टोमणा गुणमालेला महिनाभर पुरला. डबा मात्र तिनं सोडला नाही.

हळूहळू वर्धमानचं बसणं कमी झालं. पौषातल्या एका संध्याकाळी तो भावाशी बोलत बोलत चिंचेपुढूनही तसाच निघून गेला. गुणमाला मागून बघत राहिली. जीव भांड्यात पडला, आणि लगेच जळफळाटही झाला. तिच्या चार खोल्यांना जे जमलं नाही, ते या चिंचांनी दोन महिन्यांत केलं होतं. आता तिलाच दम लागला. ती बुंध्याशी टेकली.

चंपाबाई पाणी घेऊन आली. "दमलीस व्हय गं?"

"दमले. जेवायला काय हाय, अक्का?"

"आमटी. भावजींची अळणी निराळी काढलीया. पहिल्या दिवसापासनं रोज काढती, तूच कवा इचारलं न्हाईस."

म्हणजे यातही अक्काच पुढं. गुणमालेला ते सोसवलं नाही. पण तिनं डबा बाजूला सारला आणि हात धुवायला उठली.