चाकाखालचा दगड

रामदासपेठेतल्या दवाखान्यातून बाबांना घरी आणलं तेव्हा त्यांचा डावा पाय त्यांचं ऐकत नव्हता. लकवा येऊन गेला होता. हळूहळू सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले; किती, ते काही सांगितलं नाही. माझ्या डोक्यात मात्र एकच होतं. ट्रॅक्टरचा क्लच डाव्या पायानेच दाबावा लागतो.

भिवापूरजवळ आमची मिरचीची शेती. बाबा आणि मी, दोघं चालवणारे, म्हणून ट्रॅक्टरही दोन, दोन्ही जुने. आता एक विकायचा होता. नुसतं उभं राहून लोखंड सडतं, हे बाबांचंच म्हणणं.

लाल ट्रॅक्टर ओढायला राक्षस. काळ्या मातीच्या चिखलात निळा जिथे बूड टेकतो, तिथून हा नांगरासकट निघतो. थंडीतही पहिल्या झटक्यात सुरू. पण स्टिअरिंग असं जड की संध्याकाळी भाकरी मोडतानाही खांदे दुखतात, आणि क्लच दाबायला अख्खं अंग घालावं लागतं. निळा त्या मानाने गरीब गाय. क्लच हलका, हायड्रॉलिक झकास, रोप न मोडता वळतो. मात्र उन्हात तापतो, आणि इंजिन सुरू करायचा सेल्फ कितीदाही दुरुस्त केला तरी ऐन वेळी दगा देतो. म्हणून तो कायम उतारावर उभा, चाकाखाली दगड, दगडाला दोरी. मी गिअर टाकून बसायची, बाबा बाजूला उभे राहून दोरी ओढायचे, आणि निळा घरंगळत धडधडून जागा व्हायचा.

मी परस्पर ठरवून टाकलं होतं, निळा ठेवायचा. त्याचा क्लच बाबांना आज ना उद्या जमला असता.

अंगणात खाटेवर बसून बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"निळा इकून टाक," ते म्हणाले.

"काहून जी? तुमच्यासाठीच तर ठेवून राहिली."

"म्हणूनच. माह्यानं आता होत नाही वं. चिखलात तू फसशील. तुले लाल पाहिजे."

मला रागच आला. इतक्या लवकर हात टेकायचे? तरातरा आत गेले आणि चुलीपुढे बसून रडले.

गिऱ्हाईक आलं त्या सकाळी बाबा काठी टेकत उतारापर्यंत गेले. शेवटची दोरी त्यांनीच ओढली. निळा घरंगळला, धडधडला, रस्त्याला लागला. बाबा दोरी धरून बराच वेळ तिथेच उभे होते.

संध्याकाळी मी लाल ट्रॅक्टर नेहमीसारखा गोठ्यापुढच्या सपाटीवर लावला.

"तिथं नको. उतारावर लाव," बाबा म्हणाले.

"त्याले काय गरज आहे, बाबा? त्याचा सेल्फ चांगला आहे."

"माहीत हाये मले." त्यांनी नजर वळवली. "लाव तरी. सकाळी दगड मी काढत जाईन."

मी पुन्हा वर चढले, जड क्लच दाबला आणि ट्रॅक्टर उतारावर नेला. चाकाखाली दगड सरकवला आणि दोरीचं टोक बाबांच्या हातात दिलं. तेव्हापासून लालच्या सेल्फला मी हात लावलेला नाही.