चिठ्ठ्या सोलणाऱ्या आक्का

आक्कांनी उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलं होतं. निपाणीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि मी वरच्या माडीवर भाड्याने राहायचे. भांडं विकलं गेलं की आक्का त्यावरच्या कंपनीच्या चिठ्ठीला खोबरेल तेलाचं बोट लावायच्या, नखाने ती अलगद सोलायच्या आणि मगच भांडं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या. आहेराच्या भांड्याला चिठ्ठी राहिलेली त्यांना खपायची नाही. "नवरीच्या कपाळावर कुणी कागूद चिकटवतंय व्हय गं?" असं विचारून त्या मलाच गप्प करायच्या.

आक्का जैन. खाण्यापिण्याचे नियम कडक. दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब घरात कुणाच्या घशाखाली जायचा नाही, आणि दिवेलागणीच्या आत जेवणं उरकलेली असायची. बँकेतून उशिरा येऊन मी ताट घेतलं की त्या खालून ओरडायच्या, "आलीस व्हय? जेव आता भुतांच्या पंगतीला!" पाच वर्षांची नात श्रेया मात्र त्यांच्याच हातून जेवायची. सून सुजाता पुढे झाली तरी पोरगी तोंड फिरवायची, आणि आक्का मनातून फार सुखावायच्या.

एका लग्नसराईत दुकानात फुलाफुलांच्या चकचकीत चिनी मातीच्या बरण्या आल्या आणि बहुतेक हातोहात खपल्या. त्यातली एक आक्कांनी चिठ्ठी सोलून घरात ठेवली. तिच्यात चिंच-गुळाची चटणी असायची. श्रेयाला ती चटणी भाकरीच्या प्रत्येक घासाला लागे.

काही महिन्यांनी पोरीचं पोट दुखायला लागलं. चेहरा पांढुरका पडला. शाळेत शिकलेली अक्षरं ती विसरू लागली. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी बेळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं. मी सोबत गेले होते. आक्का खुर्चीत ताठ बसल्या होत्या. "आमी पानी गाळून पितोय डॉक्टर. दिवस बुडायच्या आत जेवतोय. मग हे इख शिरलं कुटनं?"

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, घरात रंगीत, चकचकीत भांडी आहेत का? आंबट कशात ठेवता?

परत आल्यावर आक्कांच्या मुलाने माळ्यावरचं उरलेल्या मालाचं खोकं उतरवलं. न विकलेल्या बरण्यांच्या बुडाला चिठ्ठ्या तशाच होत्या, इंग्रजीतल्या, बारीक अक्षरांच्या. त्याने मराठीत अर्थ सांगितला. शोभेची वस्तू. रंगात शिसे आहे. यात खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत.

"परत वाच रं," आक्का म्हणाल्या. त्याने परत वाचलं. सुजाता उठून आत गेली.

कुणाच्या लग्नात कोणतं भांडं गेलं हे आक्कांना तोंडपाठ. दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघर जाऊन बरण्या माघारी मागू लागल्या. काहींनी दिल्या, काहींना म्हातारी भ्रमली असं वाटलं. एका घरात नवी सून आलेली; त्या दिवशी मीही सोबत होते. सासू ठसक्यात म्हणाली, "आहेर कुणी माघारी मागतंय व्हय आक्का?" आक्कांनी सरळ फळीवरची बरणी उचलली आणि उंबऱ्यावर आपटली. लोणचं अंगणभर झालं. भरल्या घरात अपशकून केला म्हणून बायका शिव्या देत बाहेर आल्या. मी आक्कांना ओढत होते, त्या खाली बसून तुकडे वेचत होत्या.

"द्या, लई शिव्या द्या," त्या म्हणाल्या. "माझी सून देत न्हाय."

खरंच, सुजाता कधी एका शब्दाने बोलली नाही. औषधांनी श्रेयाच्या रक्तातलं शिसं उतरलं, पोटदुखी थांबली. डोक्याचं जे नुकसान झालं ते किती भरून येईल, हे मात्र डॉक्टरांना सांगता आलं नाही.

पुढे माझी बदली बेळगावला झाली. गेल्या दिवाळीत निपाणीला गेले, तेव्हा आक्का घराच्या पुढच्या सोप्यात श्रेयाला मांडीवर घेऊन वाचायला शिकवत होत्या. पोरगी आता दुसरीत आहे. 'क', 'म' म्हणाली आणि अडली. आक्कांनी पुन्हा बोट ठेवलं, ती पुन्हा तिथंच अडली. मग पुस्तक सारून म्हणाली, "आज्जी, भूक लागलीया."

स्वयंपाकघर शेजारीच होतं. भाकऱ्यांचा वास येत होता. आक्का हलल्या नाहीत. "सुजाता," त्यांनी हाक मारली, "पोरीला भूक लागलीया गं."

सुजाता परसात कपडे वाळत घालत होती. "आले," म्हणाली. मला ते बघवेना. ती येईपर्यंत श्रेया आज्जीच्या पदराशी चाळा करत "दे की गं, दे की" म्हणत राहिली, आणि आक्का तिला नुसत्या थोपटत राहिल्या.