सिस्टरांचा विश्वास

सिस्टरांच्या घरात ‘देवाची मर्जी’ म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर त्या चहा पुढे करायच्या आणि शांतपणे दुसरा विषय काढायच्या. बेला गावच्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या या बाईंना सगळा गाव सिस्टरच म्हणे. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. त्यांचं आमच्या भिंतीला लागून होतं.

त्यांचा मुलगा प्रकाश पैनगंगेत पोहायला गेला, तो परत आला नाही. भेटायला आलेल्या चर्चच्या पाळकांनी समजूत घातली, की देवालाच तो अधिक प्रिय होता. सिस्टरांनी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि बायबल उचलून ट्रंकेत, गोधड्यांखाली ठेवून दिलं. रविवारची प्रार्थना सुटली. आई भाकरी नेऊन द्यायची. ती तशीच झाकलेली राहायची.

वर्षभरानं ते पुस्तक पुन्हा त्यांच्या खाटेवर दिसलं. माझे वडील शाळेत शिक्षक, घरी नेमानं पूजा करणारे. त्यांना राहवलं नाही. मुलगा गेल्यावरही हे तुम्हाला खरं वाटतं का, असं त्यांनी हळूच विचारलं.

“गुरुजी, आंधी आईबापानं सांगतलं म्हणून खरं मानत होती. प्रकाश गेल्यावर मी त्याच्यात खोटं शोधाले बसली. वाटलं, सारं गोडगोडच लिवलं असन. तं तेथ देवाले ‘काऊन’ म्हणून इचारणारेच भेटले. वधस्तंभावर येशूनंबी इचारलं, मले काऊन सोडलं म्हणून. खोटं लिवणाऱ्यानं हे खोडून टाकलं असतं.”

उत्तर मिळालं का, वडिलांनी विचारलं.

“नाई भेटलं. पण पुढं लिवलं हाय, येशू जिता झाला, कबर रिकामी झाली. जो रडणं लपवत नाई, तो आनंदाचं खोटं काऊन सांगन?”

वडिलांनी वाद घातला नाही.

मागच्या पावसाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या लक्ष्मीची लहानगी तापानं गेली. लक्ष्मी बोलेनाशी झाली. सिस्टर रोज दुपारी तिच्याकडे जायच्या, तिच्या केसांना तेल लावायच्या, वेणी घालून परत यायच्या. बायबल सोबत का नेत नाही, असं मी विचारलं. “तिनं मांगतलं नाई ना,” एवढंच म्हणाल्या. पण प्रकाश आपल्याला पुन्हा भेटणार आहे, हे त्या वेणी घालता घालता सांगत, जसं एखादी बाई पोरगं सुट्टीत घरी येणार म्हणून सांगते.

कापूस वेचणीच्या दिवसांत सिस्टर झोपेतच गेल्या. लक्ष्मी शेतातून तशीच आली, ओटीतला कापूसही न सोडता. शवपेटी बंद करायची वेळ झाली, तेव्हा ती पुढे झाली, वाकली. महिनोन्महिन्यांनी तिचा आवाज आम्ही ऐकला.

“सिस्टर, तेथ माही पोरगी भेटन तुमाले. तिले जवळ घेजा.”