साळूबाईचा गोळ्यांचा डबा

एकलहऱ्याच्या वाटेवरल्या त्या वस्तीत साळूबाईला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याचं श्रेय साळूबाईपेक्षा तिच्या डब्याला जास्त. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावर पुसट झालेला गुलाब आणि आत उरलेल्या गोळ्या. नवरा नवनाथ वीज केंद्रात कंत्राटी कामाला होता. तो छातीच्या दुखण्यानं गेला आणि त्याच्या उशाशी राहिलेली औषधं हिच्यानं टाकवेनात. टाकायचं काही नाही, हा तिचा जन्माचा नेम. शिळी भाकरी कुस्करून खाणारी बाई, धडधाकट गोळी उकिरड्यावर टाकेल कशी?

मग शेजारणीही उरलेल्या गोळ्या तिच्याकडे आणून देऊ लागल्या. डॉक्टरनं पाच दिवस घ्यायला सांगितलेलं असायचं. दोन दिवसांत ताप उतरला की बाकीच्या डब्यात. साळूबाईला अक्षरओळख नव्हती, रंगाची मात्र पक्की. लाल-काळी जखमेला, पिवळी जुलाबाला, मोठी पांढरी घशाला. शेळी ढाळली तर तीच पिवळी गुळात दडवून. माणसाला चालते ती शेळीला का नाही चालायची? अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच, पण वस्ती तिला कौतुकानं डॉक्टरीण म्हणायची आणि बाई सुखावायची.

खरं तर गोळी हे निमित्त होतं. मुलगी हर्षाली ओझरला सासरी, तिचा फोन यायचा तो "आई, जेवलीस का?" एवढ्यापुरता. घरात बोलायला शेळ्या. पण डबा होता म्हणून रोज दुपारी कोणी ना कोणी ओट्यावर टेकायचं, गोळी घ्यायचं, सुनेच्या कागाळ्या सांगायचं. पलीकडच्या गल्लीतली भागीबाई तर रोजची. साळूबाई चार कप चहा टाकायची, तो कधी उरला नाही.

गेल्या श्रावणात शेळ्यांच्या गोठ्यात लेंड्या झाडताना खुंटीवरचा विळा तिच्या पायावर पडला. तिनं तीन दिवस लाल-काळी घेतली, मग पांढरी. पाय गुडघ्यापर्यंत सुजला तेव्हा हर्षालीनं तिला नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जखमेतला पू तपासायला गेला. सई नावाची तरुण डॉक्टर रिपोर्ट घेऊन खाटेशी आली.

"आजी, तुमच्या जखमेतल्या जंतूंवर दहा औषधं लावून पाहिली. आठांना हे जंतू दाद देत नाहीत. घरी कसल्या गोळ्या घेता?"

साळूबाईनं मोठ्या अभिमानानं डब्याची हकिगत सांगितली. शेळ्यांचीही.

सई रागावली नाही. स्टूल ओढून बसली. "अर्धवट औषधानं जंतू सगळे मरत नाहीत, चिवट तेवढे उरतात. मग ते शेळीच्या लेंडीतून मातीत जातात, मातीतून जखमेत, एकाच्या हातून दुसऱ्याला. तुम्हाला कुठून लागले, सांगता येणार नाही. पण असे जंतू तुमच्या वस्तीतही फिरत असतील."

"मंग मी ज्यांना ज्यांना दिल्या, त्यांचं?"

त्या रात्रभर साळूबाईला शरमेनं झोप लागली नाही. वस्तीचं आपण भलं करतो असं बाई पंधरा वर्षं समजत आली होती.

चौदा दिवसांच्या इंजेक्शनांनी पाय वाचला. घरी आल्यावर तिनं डबा हर्षालीच्या हाती दवाखान्यात पाठवून दिला. एक पाकीट तेवढं देव्हाऱ्यामागं ठेवलं. भागीबाईसाठी. गोळी नसेल तर ती कशाला येईल, ही भीती तिला पायाच्या दुखण्यापेक्षा मोठी वाटत होती.

पहिल्या आठवड्यात बाया आल्या, डबा नाही कळल्यावर ओट्यावर न टेकताच गेल्या. मग भागीबाई आली, खोकत.

"साळू, ती पांढरी दे बरं. घसा लय धरलाय."

साळूबाईचा हात देव्हाऱ्याकडं गेला. पाकीट बोटांना लागलंही. तिनं हात मागं घेतला.

"नाय गं. दवाखान्यात चल, मी येते संगं."

"दवाखाना मला ठाव हाय. सोता बरी झाली, आता आमाला नाय म्हनती व्हय?"

"च्या तरी पी."

"नगं," म्हणून भागीबाई उठली. तिचा खोकला गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई बसनं नाशिकला गेली, ते पाकीट सईच्या हातात ठेवून परत आली. दुपारी सवयीनं चार कप चहा टाकला. पाच वाजेपर्यंत दाराकडं बघत बसली. एक कप प्यायली आणि उरलेला मोरीत ओतून दिला. आजवर तिनं काही टाकलं नव्हतं, त्यामुळं भांडं रिकामं झालं तरी ती जरा वेळ ते उपडं धरून उभी राहिली.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती एकाच कपाचं पाणी ठेवू लागली.