पिकअपचा खोटा काटा

आमच्या पिकअपचा डिझेलचा काटा खोटारडा होता. २०१४ साली गाडी घेतली, तीही दुसऱ्याच्या हातची. विकणाऱ्याने इंजिनाचं, टायरांचं, हौद्याचं तोंड भरून कौतुक केलं आणि काट्याबद्दल चकार शब्द काढला नाही. टाकी फुल केली की शंभर-सव्वाशे किलोमीटर काटा जागचा हलायचा नाही. मग एकदम घसरायचा, पाव टाकीवर येऊन बसायचा, आणि टाकी कोरडी पडली तरी पाववरच. चढावर थोडा वर, उतारावर थोडा खाली. पुस्तकात लिहिलंय टाकी साठ लिटरची. पंपावर गळ्यापर्यंत भरली तर त्रेसष्ट बसतात, आणि तळातले दोनेक लिटर नळीला लागतच नाहीत, म्हणजे असून नसल्यासारखे. हे मला कुणी शिकवलं नाही. रस्त्यात उभं राहून शिकलो.

मी काट्याकडे बघणंच सोडून दिलं होतं. गाडीखाली वाकायचं आणि टाकीवर वरून खाली बोटाच्या पेरांनी टकटक करत यायचं. पोकळ आवाज जिथे जड होतो, तिथपर्यंत डिझेल. वर किती किलोमीटर झाले, भरून गेलो की रिकामा आलो, ते डोक्यात. एवढ्यावर माझा अंदाज लिटरभराच्या पलीकडे चुकत नसे. मला त्याचा माज होता, कबूल करतो.

आणि आमच्याकडे हा अंदाज लागतोच. डहाणूहून चिकूच्या पेट्या घेऊन आशागड, गंजाड, चारोटी करत हायवेला लागायचं, तलासरी मागे टाकायची, की हद्द आली. पलीकडे गुजरातेत डिझेल स्वस्त. त्यामुळे इकडचा शहाणा ड्रायव्हर इकडे डिझेल भरत नाही. टाकी तळाला आणत आणत हद्द ओलांडतो आणि पलीकडच्या पहिल्या पंपावर भरतो. ज्याचा अंदाज चुकला तो हद्दीच्या अलीकडे, तलासरीच्या आसपास, बॉनेट उघडून उभा. डिझेल गाडी कोरडी पडली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही. लाइनीत हवा शिरते, ती हँडपंप मारून काढावी लागते. तोवर येणारे-जाणारे ड्रायव्हर दात काढत हॉर्न मारून जातात. मीही मारलेत.

गाडी घेतली ती माझ्या आणि मुलाच्या भरवशावर. त्याची आई गाडी घेण्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. घरात मी, मुलगा आणि सून. तो आणि मी आळीपाळीने गाडी चालवायचो. पोरगा हाताचा चांगला, पण लोकांवर विश्वास ठेवणारा, आणि काट्यावरही. मी त्याला टकटक शिकवून बघितली, तर म्हणायचा, बाबा, आता कोण गाडीखाली झोपतं.

मग एकदा भरलेली गाडी घेऊन तो निघाला आणि पाव टाकी दाखवणाऱ्या काट्याच्या जिवावर चारोटीच्या पुढे बंद पडला. हद्दीपलीकडचा वापीचा बाजार चुकला. माल परत वाडीत आला तेव्हा मी तिथेच होतो. पेट्या भरणाऱ्या बायका होत्या, वाडीचा मालक होता. मी त्या सगळ्यांदेखत त्याची अक्कल काढली, आणि एवढ्यावर थांबायचं सोडून कानाखाली वाजवली. लग्न झालेला, मिसरूड फुटून दहा वर्षं झालेला मुलगा. त्याने गाडीची किल्ली बॉनेटवर ठेवली आणि चालत गेला.

पंधरा दिवसांत तो तलासरीला एका कंपनीत लागला. तिथेच खोली घेतली, सुनेलाही घेऊन गेला. मी म्हटलं, जा. येशील झक मारत. तो काही आला नाही. मीही फोन केला नाही. त्याच्या खोलीवरून हायवे दोन मिनिटांवर, आणि मी आठवड्यातून तीनदा तिथून जायचो. मान वळवायचो नाही. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हणत असतील.

घरी आलो की आधी रेडिओ लावायचो. ऐकायला नाही, घरात आवाज असावा म्हणून. भात एकट्यासाठी शिजवायचा तर अंदाज जमेना. टाकीतलं डिझेल कळायचं आणि पातेल्यातले तांदूळ कळायचे नाहीत. रोज उरायचा आणि सकाळी तोच खायचो. असे नऊ महिने गेले.

त्या वर्षी हद्दीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या. एकदा अशाच रांगेत मी तीन तास अडकलो. गाडी चालू, बंद, चालू, एक एक गाडी पुढे. उभ्या गाडीने डिझेल प्यायलं, किलोमीटर वाढलेच नाहीत आणि माझा अंदाज पार तोंडघशी पडला. हद्द समोर दिसत होती आणि गाडी धापा टाकून मेली. डहाणूच्या मेकॅनिकला फोन लावला, तो उचलेना. दुसरा नंबर कुणाचा लावणार? दहा मिनिटं फोन हातात धरून बसलो. मग मुलाला लावला. म्हटलं, गाडी बंद पडलीये. डिझेल.

त्याने कुठे, एवढंच विचारलं.

अर्ध्या तासात मोटारसायकलवर आला. पहिली पाळी संपवून, कंपनीच्या शर्टातच, पाच लिटरचा कॅन पायात धरून. आधी डिझेल ओतलं, मग बॉनेटमध्ये वाकून हँडपंप मारून हवा काढली, मग मला म्हणाला, मार सेल्फ. गाडी चालू झाली. मला वाटलं, आता ऐकवणार. मी त्याला जे ऐकवलं होतं ते सगळं त्याने परत केलं असतं तरी मी गप ऐकलं असतं. त्याने विचारलं, जेवलास का? नाही म्हटलं. मग बाजूच्या टपरीवर नेऊन वडापाव खाऊ घातला, चहा पाजला. प्रेशरची गोळी घेतोस का, विचारलं. सून बरी आहे म्हणाला. अर्धा तास असेल. रात्री घरी रेडिओ लावायचा विसरलो.

ती पहिली वेळ खरी होती. पुढच्या खऱ्या नव्हत्या.

खोटं कशाला सांगू? दीड-दोन महिन्यांनी सकाळी टाकीवर टकटक केली तर पेरांनी साफ सांगितलं की हद्दीपर्यंत पोचत नाही. चारोटीला पंप लागला. पायाने ब्रेक दाबायला हवा होता, दाबला नाही. वापीत माल उतरवणाऱ्यांना आज उशीर होईल असं आधीच कळवलं होतं, म्हणजे बघा किती ठरवून. तलासरीच्या जरा पुढे गाडी मेली आणि मी फोन लावला. काट्याने फसवलं रे, म्हटलं. ज्या काट्यावर विश्वास ठेवला म्हणून मी त्याला मारलं, तोच काटा. पोराला हे लक्षात आलं नसेल असं मी स्वतःला समजावायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

अशा चार खेपा झाल्या. दर वेळी तेच: कॅन, हँडपंप, टपरी, गोळी घेतोस का. एकदा त्याची दुसरी पाळी होती, तर त्याने कंपनीतला एक माणूस पाठवला. भला माणूस, जेवणाच्या सुट्टीत धावत आलेला. मी त्याच्यावरच खेकसलो की हळू ओत, बाहेर सांडतंय. थेंब सांडलेला नव्हता. तो गेल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

मग एक दिवस मुलाचा फोन. त्याने आपणहून केलेला पहिलाच. रविवारी गाडी घेऊन खोलीवर ये, म्हणाला. मला वाटलं, जेवायला बोलावतोय. इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली, सुनेसाठी निवडून निवडून चिकू घेतले. पोचलो तर दारात त्याचा मेकॅनिक मित्र पाने घेऊन तयार. मुलाने नवा काटा आणि त्याला डिझेलची पातळी कळवणारा टाकीतला नवा फ्लोट आणून ठेवला होता. मला म्हणाला, या वयात तू हायवेवर उन्हात उभा राहतोस, मला कामात लक्ष लागत नाही.

दिवसभर दोघं खपले. टाकी उतरवली, धुतली, फ्लोट बसवला. पाच पाच लिटर ओतत काटा कुठे येतो ते बघत गेले. तीस लिटरला बरोबर मधोमध. लाल रेघेला आला तरी आठ लिटर शिल्लक, म्हणजे चारोटीहून हद्द ओलांडून वर उरेल एवढं. मुलाने ते मला तीनदा समजावलं. हाताला काळं लागलेलं, चेहरा उजळलेला. आता कुठे अडकणार नाहीस, म्हणाला. सुनेने कोंबडी केली होती. मी पोटभर जेवलो, हसलो, शाबास म्हटलं. येताना वाटेत एकदाही काट्याकडे बघितलं नाही. बघायची भीती वाटत होती.

काटा खरा निघाला. लिटरभराचाही फरक नाही. गाडीखाली वाकायचं कारण उरलं नाही, आणि तलासरीला थांबायचंही. एक महिना गेला, दोन गेले. मी दोनदा फोन केला. काटा कसा आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, उत्तम. तो कामावर, मी गाडीवर, ठेवतो म्हटलं. आमच्या दोघांत बोलण्यासारखं एक डिझेलच होतं आणि त्याचीही काळजी मिटली होती.

दिवाळी झाली, मुलगा आणि सून एक दिवस येऊन गेले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी वापीला माल टाकून परत येत होतो. पलीकडे डिझेल भरलेलं, हौदा रिकामा, रस्ता मोकळा. तलासरी आली आणि माझ्या पायाने ब्रेक दाबला. गाडी कडेला घेतली, बंद केली आणि फोन लावला. गाडी बंद पडलीये. डिझेल.

काट्याची वायर काढून ठेवायचं मला सुचलं नव्हतं असं नाही. पण तो नेहमी आल्या आल्या टाकीचं झाकण उघडायचा, डिझेल ओतायचा, किल्ली मग मीच फिरवायचो. तेवढ्यावर निभेल असं वाटलं. त्या दिवशी तो घाईने आला आणि कॅन खाली ठेवून सरळ माझ्या बाजूचं दार उघडलं. नवा काटा बिघडला कसा, हे त्याला बघायचं होतं. सरक, म्हणाला, आणि किल्ली फिरवली.

काटा उठला. पाव, अर्धा, आणि सावकाश पाऊण टाकीवर जाऊन थांबला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. वाटलं, आता बोल, काय वाटेल ते बोल, चार माणसं जमव आणि त्यांच्यासमोर बोल.

त्याने किल्ली बंद केली. खाली उतरला, टाकीचं झाकण उघडलं आणि पाचच्या पाच लिटर ओतले. शेवटचा थेंब पडेपर्यंत कॅन उपडा धरून उभा राहिला. झाकण लावलं, हात फडक्याला पुसले. टपरीवर नेलं. गोळी घेतोस का, विचारलं. निघताना मोटारसायकलला किक मारायच्या आधी म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी नुसता फोन कर. ये म्हण. मी येईन."

त्याला आता वर्ष होऊन गेलं. तलासरीच्या पुढे त्या जागेवर मी अजून गाडी उभी करतो आणि त्याचा नंबर काढतो. डिझेल संपलं म्हणणं सोपं होतं, ते पाच वेळा खोटं म्हटलं. "ये" म्हणायला मात्र तोंड उघडत नाही. थोडा वेळ बसतो, फोन खिशात टाकतो आणि घरी जातो.